बिल्ला आणि उंबरठा

खाणीभोवती वसलेले गाव आणि शेतीभोवती वसलेले गाव यांच्या इतिहासाची घडण मुळातच वेगळी असते. मराठी गावगाड्याच्या भाषेत वस्तीच्या जागेला पांढरी आणि पिकाच्या जमिनीला काळी म्हणतात, आणि गावाचा इतिहास हा बहुधा या दोहोंमधल्या व्यवहाराचा, म्हणजे वतनांचा, वाटण्यांचा, पाण्याचा आणि दैवतांचा इतिहास असतो. खाणगावाला मात्र एक तिसरी जमीन असते. ती पायाखाली शेकडो मीटर खोल असते, तिच्यावर गावातल्या कोणाचाही हक्क नसतो, आणि तरीही गाव कोठे वसावे, किती वाढावे, पहाटे किती वाजता उठावे आणि एक दिवस कामाविना का बसावे, हे सारे तीच ठरवते. ही तिसरी जमीन मिटली, म्हणजे खाण बंद पडून तिचे तोंड बुजवले गेले, की वर उरलेल्या वस्तीला आपल्या तेथे असण्याचे कारण नव्याने शोधावे लागते. ब्रिटनमधल्या अनेक माजी खाणगावांत गेल्या अर्धशतकात रहिवाशांनी स्वतःच आपल्या गावाचा इतिहास धुंडाळण्याचे जे काम चालवले आहे, त्याचे मूळ या गरजेत आहे. अशा संशोधनाला समुदायाचा स्थानिक इतिहास म्हणतात, आणि त्याचा साधा अर्थ असा की, ज्यांच्याविषयी कागद लिहिले गेले त्यांच्याच नातवंडा-पतवंडांनी ते कागद पुन्हा उघडून वाचायचे.

दक्षिण वेल्समधले सेंघेनिद हे गाव या कामाचे स्वरूप समजून घेण्यासाठी विशेष उपयोगी पडते. केअरफिली शहराच्या वायव्येला आबेर नावाच्या चिंचोळ्या खोऱ्याच्या वरच्या टोकाला ते वसले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तेथे मेंढ्यांची कुरणे आणि विखुरलेली शेतघरे यांपलीकडे फारसे काही नव्हते. १८९१मध्ये युनिव्हर्सल नावाच्या कोळसाखाणीचे उभे कूप खणायला सुरुवात झाली आणि १८९६मध्ये पहिला कोळसा वर आला. उभा कूप म्हणजे जमिनीत सरळ खाली नेलेली विहिरीसारखी वाट, जिच्यातून लोखंडी पाळण्यात बसून माणसे खाली उतरत आणि कोळसा वर येई. येथे असे दोन कूप होते, त्यांना लँकेस्टर आणि यॉर्क ही नावे दिली होती, आणि त्यांची खोली सुमारे ६०० मीटर होती. डोंगराच्या उतारावर एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या लांबलचक ओळी पाहता पाहता उभ्या राहिल्या. या खोऱ्यांतून निघणारा, जोरदार वाफ आणि कमी धूर देणारा कोळसा कार्डिफ आणि बॅरी या बंदरांतून जगभर जात असे. एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि एडनसारख्या बंदरांत आगबोटींसाठी जो विलायती कोळसा साठवला जाई, त्यात वेल्सच्या कोळशाचा वाटा मोठा होता, त्यामुळे मुंबईच्या धक्क्यावरचा हमाल आणि आबेर खोऱ्यातला खाणकामगार एकमेकांना कधीही न पाहता एकाच ओझ्याची दोन टोके उचलत होते.

१९१३ या वर्षी दक्षिण वेल्सच्या कोळसापट्ट्याने सुमारे ५ कोटी ७० लाख टन कोळसा काढला, आणि तो त्याच्या इतिहासातला उच्चांक ठरला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरच्या सकाळी आठ वाजून गेल्यानंतर युनिव्हर्सल खाणीच्या पश्चिम भागात स्फोट झाला. त्या पाळीला सुमारे ९५० माणसे खाली होती; त्यांपैकी ४३९ कामगार मरण पावले, आणि बचावासाठी खाली उतरलेला एक माणूसही गेला. ब्रिटनच्या खाणकामाच्या इतिहासात याहून मोठी दुर्घटना झालेली नाही. कोळशाच्या थरांत अडकलेला मिथेन वायू बाहेर पडून हवेत मिसळला की ठिणगीने पेट घेतो, त्या धक्क्याने वाटांवर साठलेली कोळशाची बारीक भुकटी उधळते, आणि मग ती भुकटीच जळत जळत ज्वाळेला एका बोगद्यातून दुसऱ्यात नेते; ज्वाळेतून जे वाचतात त्यांना मागे उरलेला कार्बन मोनॉक्साइड गाठतो. ठिणगी कशाची असावी याच्या चौकशीत विजेच्या घंटा वाजवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या उघड्या तारांवर मुख्य संशय घेतला गेला. खाणीतल्या हवेचा प्रवाह गरज पडताच उलटा फिरवता यावा अशी सोय करणे १९११च्या कायद्याने बंधनकारक केले होते. त्यासाठी वाढवून दिलेली सप्टेंबर १९१३ची मुदतही तेव्हा उलटून गेली होती आणि ती सोय तेथे झालेली नव्हती. खटल्याच्या अखेरीस व्यवस्थापकाला एकूण २४ पौंड आणि कंपनीला १० पौंड दंड झाला. व्यवस्थापकाच्या दंडाला मृतांच्या संख्येने भागून एका वेल्श वृत्तपत्राने माणशी १ शिलिंग सव्वा पेनी असा हिशेब छापला, आणि तो हिशेब त्या खोऱ्यात आजही विसरला गेलेला नाही.

या गावाविषयी कागद कमी आहेत, अशी तक्रार कोणालाही करता येणार नाही. चौकशीचा अहवाल आहे, खाण-निरीक्षकांच्या वार्षिक नोंदी आहेत, कंपनीची उत्पादनाची आणि वेतनाची खाती आहेत, बंद झालेल्या खाणींचे नकाशे सरकारकडे जमा करण्याच्या १८७२पासूनच्या नियमामुळे जपले गेलेले भूगर्भातले नकाशे आहेत, आणि वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संगणकावर उपलब्ध करून दिलेली १९१९पर्यंतची वृत्तपत्रे आहेत. संशोधकापुढची अडचण वेगळीच आहे. यांतला प्रत्येक कागद कोणाच्या तरी कामासाठी तयार झाला, आणि ज्याने तो तयार केला त्याला जेवढे हवे होते तेवढेच त्याने माणसाबद्दल टिपले: वेतनाच्या खात्याला माणूस टनांत हवा होता, भाड्याच्या खात्याला शिलिंगांत, चौकशीच्या अहवालाला त्याच्या शरीराच्या सापडण्याच्या ठिकाणी. गावातल्या माणसाला हेच कागद वाचताना यांतले काहीच मुख्यत्वे हवे नसते. अनोळखी माणसाला मराठी खेड्यात जो प्रश्न हमखास विचारला जातो, ‘तुम्ही कुणापैकी?’, तोच प्रश्न घेऊन तो दप्तरासमोर बसतो. आणि या एका प्रश्नाने जुन्या कागदाचा उपयोगच पालटून जातो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पितळी बिल्ला. ब्रिटनच्या कोळसाखाणींत उतरण्यापूर्वी कामगाराला दिव्यांच्या खोलीतून संरक्षक दिवा घ्यावा लागे. हा दिवा म्हणजे जाळी आणि काच यांनी बंदिस्त केलेली ज्योत, जी बाहेरच्या वायूला सहसा पेटवत नाही आणि ज्योतीच्या रंगावरून वायूचा सुगावाही देते. प्रत्येक दिव्याला क्रमांक असे, त्याच क्रमांकाचा बिल्ला कामगाराच्या नावावर असे, आणि दिवा व बिल्ला यांच्या अदलाबदलीवरून खाली कोण आहे हे वर कळत असे. सोय व्यवस्थेची होती. हजार माणसांच्या ये-जेवर नजर ठेवायला त्याहून सोपा उपाय नव्हता. पण अपघाताच्या दिवशी हीच सोय एका भयंकर यादीत बदलत असे, कारण पाळी संपूनही जे दिवे आपल्या जागी लटकलेले दिसत नसत, त्यांचे क्रमांक म्हणजेच बेपत्ता माणसांची पहिली मोजदाद असे. असा एखादा बिल्ला आज जुन्या घराच्या कपाटात, बटणांच्या डब्यात सापडतो, तेव्हा त्यावर खाणीचे नाव आणि एक आकडा एवढेच असते. त्या आकड्यापासून एका माणसापर्यंत आणि माणसापासून एका दारापर्यंत पोहोचणे, हे या संशोधनाचे सारे काम. आणि ते वाटते त्यापेक्षा फार कष्टाचे आहे.

दारापर्यंत पोहोचण्याचा मुख्य आधार म्हणजे खानेसुमारी, म्हणजेच दर दहा वर्षांनी होणारी शिरगणती, जिची घरवार पत्रके इंग्लंड-वेल्समध्ये साधारण शंभर वर्षांनी वाचायला खुली होतात. सेंघेनिदच्या दृष्टीने २ एप्रिल १९११ची खानेसुमारी अमोल आहे. ती स्फोटाच्या अडीच वर्षे आधीची आहे, आणि तोपर्यंतच्या गणनांपेक्षा तिचे वैशिष्ट्य असे की, प्रगणकाने वहीत उतरवलेली नक्कल न उरता कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेले मूळ पत्रकच टिकून राहिले. त्यामुळे अनेक घरांच्या बाबतीत ज्याने ते भरले त्याचे अक्षर, त्याची चुकलेली स्पेलिंगे आणि खोडाखोड संशोधकासमोर जशीच्या तशी येते. घरात किती खोल्या आहेत, कोणती भाषा बोलली जाते, लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जन्मली, किती जगली आणि किती गेली, हे सारे त्या पत्रकात विचारले होते. दोन किंवा तीन खोल्यांची संख्या, आठ-नऊ माणसांची नावे आणि गेलेल्या मुलांच्या रकान्यातला आकडा हे एकाच कागदावर शेजारी शेजारी वाचले की, १९१३च्या ऑक्टोबरपूर्वीही या घरांनी मृत्यू पाहिला होता हे कोणत्याही अहवालापेक्षा स्पष्टपणे कळते.

त्यानंतर मृतांची यादी रस्त्यावार लावून पाहिली जाते. कमर्शियल स्ट्रीट, हाय स्ट्रीट, केअरफिली रोड अशा नावांखाली एका ओळीतल्या घरामागून घर येऊ लागते. मृतांपैकी ६० जण वीस वर्षांच्या आतले होते आणि त्यांतले ८ जण केवळ १४ वर्षांचे. ५४२ मुले पोरकी झाली आणि २००हून अधिक स्त्रिया विधवा झाल्या. १२ घरांतून बाप आणि मुलगा दोघेही गेले, १० घरांतून दोन-दोन मुलगे गेले. हे आकडे अहवालांत आणि स्मृतिग्रंथांत एका दमात सांगितले जातात आणि वाचणाराही ते एका दमात वाचून टाकतो. रस्त्यावार यादी केल्यावर मात्र तसे करता येत नाही, कारण मग ज्या दारात कोणी गेले नाही ते दारही दिसू लागते, आणि दोन्ही बाजूंच्या घरांत प्रेत आलेले असताना मधल्या घरात जिवंत परतलेल्या माणसाने पुढची वर्षे कशी काढली असतील, हा प्रश्न कागदाबाहेरून उभा राहतो.

वेल्समध्ये या कामाला एक विशेष अडथळा आहे आणि तो आडनावांचा आहे. जुन्या वेल्श पद्धतीत बापाचे नाव मुलाच्या नावापुढे लागे. पुढे इंग्रजी कायद्याच्या आणि कारभाराच्या दबावाखाली तीच नावे कायमची आडनावे झाली, आणि परिणामी जोन्स, डेव्हिस, एव्हन्स, विल्यम्स, थॉमस अशी मोजकी आडनावे सबंध खोऱ्याला पुरू लागली. यादीत एकाच नावाचे तीन-चार जण असणे ही नित्याची गोष्ट. गावातल्या बोलण्यात ही अडचण नव्हती, कारण तेथे माणसे धंद्यावरून, मूळ गावावरून, एखाद्या खोडीवरून किंवा राहत्या घरावरून ओळखली जात आणि टोपणनावे खऱ्या नावापेक्षा पक्की असत. पण टोपणनावे खात्यात लिहिली जात नसत. म्हणून दोन थॉमस डेव्हिसांपैकी कोणता कोठला, हे ठरवण्यासाठी वय, पत्नीचे नाव, प्रार्थनामंदिराची सदस्यनोंद, दफनाची नोंद आणि एखाद्या वृद्ध बाईची आठवण अशा पाच-सहा धाग्यांची गाठ बसवावी लागते. प्रशिक्षित इतिहासकार येथे बाहेरचा ठरतो, कारण त्याच्याजवळ कागद असतात पण टोपणनावे नसतात. गावकऱ्यांचे ज्ञान म्हणजे हौस, आणि विद्यापीठाचे ज्ञान म्हणजे शास्त्र, अशी जी उतरंड अजूनही गृहीत धरली जाते, ती या एका मुद्द्यावर तरी टिकत नाही.

याहूनही अवघड नोंद असते ती पोटभाडेकरूची. घरच्यांना भाडे परवडावे म्हणून खाणगावांतल्या बहुतेक घरांत एखादा-दुसरा एकटा कामगार जेवणासह ठेवला जाई, आणि पाळ्या वेगळ्या असल्या की एकाच बिछान्यावर एक उठून गेल्यावर दुसरा झोपत असे. सेंघेनिदच्या दुर्घटनेत एका बाईचा नवरा, दोन मुलगे, भाऊ आणि घरातला पोटभाडेकरू असे पाच जण गेले. या वाक्यातला शेवटचा माणूस नेहमी शेवटीच येतो. त्याचे घर तेथे नव्हते. १९०० ते १९०३ या काळात उत्तर वेल्समधल्या पेनरिन येथील पाटीच्या दगडाच्या खाणीत दीर्घ संघर्ष झाला तेव्हा तेथले पुष्कळ कामगार दक्षिणेच्या कोळसापट्ट्यात आले. इतर काही जण पश्चिम वेल्सच्या शेतांतून, काही इंग्लंडच्या नैर्ऋत्य परगण्यांतून आले होते. अशा माणसाचे शोकाचे घर शंभर-दीडशे मैलांवर असे, आणि तेथल्या लोकांच्या स्मरणात ‘दक्षिणेत गेला’ एवढेच शिल्लक राही. त्यामुळे एका गावाचा स्थानिक इतिहास प्रामाणिकपणे लिहायचा तर तो त्या गावापुरता राहू शकत नाही. दूरच्या एखाद्या डोंगरी वाडीतल्या दफनभूमीत आईबापांच्या दगडावर कोरलेले मुलाचे नाव हाही सेंघेनिदचाच दस्तऐवज असतो.

स्त्रियांविषयी कागद जवळजवळ मुके आहेत. खानेसुमारीत विवाहितेच्या नावापुढचा व्यवसायाचा रकाना बहुधा कोरा असतो. तो कोरा रकाना ज्या कष्टांवर पडदा टाकतो, त्यांचा अंदाज खाणीच्या तोंडाशी स्नानगृहे नव्हती त्या काळाचा विचार केला की येतो. तीन माणसे तीन पाळ्यांना काळीठिक्कर होऊन घरी येत, आणि प्रत्येकासाठी चुलीवर मोठ्या भांड्यांतून पाणी तापवून पत्र्याच्या टबात ओतावे लागे. कपडे झटकणे, वाळवणे, डबा भरणे हे चक्र चोवीस तास चाले. १९१९मध्ये खाण-उद्योगाच्या चौकशीसाठी नेमलेल्या सँकी आयोगापुढे ऱ्होंडा खोऱ्यातल्या एलिझाबेथ अँड्र्यूज यांनी साक्ष देऊन खाणीवर स्नानगृहे बांधण्याची मागणी केली, तेव्हा त्यांचा भर या ओझ्यामुळे बायकांच्या शरीराला होणाऱ्या इजांवर होता. खाणीबाहेरचे हे खाणकाम नोंदवण्यासाठी आज बोलक्या आठवणींखेरीज साधन नाही. म्हणून मुलाखत घेणाऱ्याने ‘तुमचे वडील खाणीत काय करत?’ एवढे विचारून थांबणे हा पद्धतीतला दोष मानला पाहिजे.

मौखिक इतिहास, म्हणजे ज्यांनी काळ जगला त्यांच्या तोंडून तो ध्वनिमुद्रित करून घेण्याची पद्धत, या सर्व कामात मध्यवर्ती आहे आणि तिच्यावरचा नेहमीचा आक्षेपही ठाऊक आहे: माणसे चुकीचे आठवतात. इटलीतले अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी या आक्षेपाला दिलेले उत्तर खाणगावांच्या संशोधकांनी मनावर घेण्याजोगे आहे. तेर्नी या पोलादनगरीत लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १९४९मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांकडून मारला गेला. पण पुढे अनेक कामगारांनी त्याचा मृत्यू १९५३च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात झाल्याचे सांगितले. पोर्तेल्ली यांनी ही चूक दुरुस्त करून बाजूला टाकली नाही, तर समुदायाला त्या मृत्यूला पुरेसे मोठे कारण हवे होते, असे तिचे वाचन केले. खाणगावातही ‘त्या दिवशी आजोबा आजारी म्हणून गेले नाहीत’ अशी कथा इतक्या घरांतून सांगितली जाते की, ती सर्व ठिकाणी अक्षरशः खरी असणे कठीण आहे. संशोधकाने ती खोटी ठरवण्याची घाई करू नये, तशी ती पुरावा म्हणून तशीच छापूही नये. बचावलेल्या घरांना आपल्या बचावाचे कारण द्यावेसे वाटते, ही त्या गावाविषयीची एक माहिती आहे आणि ती तशीच नोंदवली जावी.

या कामामागे एक चळवळही आहे. दक्षिण वेल्सच्या कामगारांनी आपल्या वेतनातून पैसा-पैसा कापून घेऊन जवळपास प्रत्येक खाणगावात कामगारसंस्था उभारल्या होत्या; त्यांत वाचनालय, सभागृह आणि वादविवादाची खोली असे. खाणी बंद होऊ लागल्या तशी ही वाचनालये मोडीत निघाली, आणि पिढ्यांनी निवडून घेतलेली पुस्तके रद्दीच्या भावाने जाऊ लागली. तेव्हा १९७१ ते १९७४ या काळात स्वान्सी येथील विद्यापीठाच्या महाविद्यालयाने कोळसापट्ट्याच्या इतिहासाचा प्रकल्प हाती घेऊन पुस्तके, संघटनांची दप्तरे आणि कामगारांच्या मुलाखती गोळा केल्या, आणि त्यातून १९७३मध्ये साउथ वेल्स मायनर्स लायब्ररी उभी राहिली. त्याच सुमारास ऑक्सफर्डच्या रस्किन महाविद्यालयात राफाएल सॅम्युएल हे प्रौढ कामगार-विद्यार्थ्यांना स्वतःच्या धंद्याचा इतिहास लिहायला लावत होते, आणि १९७८मध्ये स्वीडनचे लेखक स्वेन लिंडक्विस्ट यांनी आपल्या पुस्तकातून असे मांडले की, कारखान्याचा इतिहास मालकाने लिहवून घेतलेला असला तरी कामाचा खरा जाणकार काम करणाराच असतो, म्हणून त्याने उभे आहोत तेथेच खणावे. खणण्याचे हे रूपक स्वीडनमध्ये सिमेंट-उद्योगाच्या संदर्भात सुचले; ते खाणगावांना इतके चपखल बसावे यात नवल नाही.

खरोखरीच्या खणण्याची एक नोंद सेंघेनिदच्या नावांतही आहे, आणि ती पुरेशी वाचली गेलेली नाही असे वाटते. पृष्ठभागावरची जुनी नावे वेल्श आहेत: खालच्या अंगाचे आबेरत्रिदुर म्हणजे तीन पाण्यांचा संगम, नांत-इ-पार्क म्हणजे राखीव कुरणाचा ओढा, स्वतः सेंघेनिद हे तर मध्ययुगीन परगण्याचे नाव. त्यावर १८९०नंतर बांधलेल्या रस्त्यांची नावे इंग्रजी आणि व्यापारी आहेत. आणि ६०० मीटर खाली, जेथे स्फोट झाला त्या पश्चिम भागातल्या विभागांना माफेकिंग, किम्बर्ली आणि प्रिटोरिया ही नावे होती, कारण ते भाग खणले जात असताना दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या बातम्या वर्तमानपत्रांत होत्या. मेंढपाळांची भाषा वर, दुकानदारीची भाषा मधे आणि साम्राज्याची भाषा तळाशी असा हा थर आहे. वेल्श बोलणारा माणूस रोज पहाटे ओढ्याच्या नावाच्या जमिनीवरून निघून प्रिटोरियात कामाला उतरत असे.

येथे एका धोक्याचीही नोंद करणे आवश्यक आहे. मोठ्या दुर्घटनेचा प्रकाश इतका प्रखर असतो की बाकीचे सारे त्यात दिसेनासे होते. याच खाणीत २४ मे १९०१ रोजी झालेल्या स्फोटात ८१ माणसे गेली होती, आणि तरीही तो स्फोट दीर्घकाळ पूर्वसूचनेपुरताच उल्लेखला गेला. त्याहून महत्त्वाचे असे की, ब्रिटनच्या कोळसाखाणींतले बहुसंख्य मृत्यू स्फोटांत झालेच नाहीत. ते एकेकट्याने, छत कोसळून, गाड्याखाली सापडून झाले, आणि त्यांच्या बातम्या वृत्तपत्रांत तीन-चार ओळींच्या होत्या. दगडाच्या आणि कोळशाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होऊन वीस-वीस वर्षे खाटेवर झिजलेल्यांची नावे तर कोणत्याही स्मारकावर नसतात. त्या तीन-चार ओळी वर्षावार गोळा करून लावलेली यादी दिसायला निरस असते, वाचायला कोणी येत नाही. पण गावाच्या अभ्यासकांनी केलेल्या सर्व कामांत ती सर्वांत न्याय्य असते.

सेंघेनिदमध्ये स्मरणाची रूपे टप्प्याटप्प्याने बदलत गेली. खाणीच्या जागेवर बांधलेल्या नांत-इ-पार्क प्राथमिक शाळेबाहेर राष्ट्रीय कोळसा मंडळाने १९८१मध्ये पाळणा ओढणाऱ्या यंत्रमनोऱ्याची प्रतिकृती उभारली. पुढे आबेर खोऱ्यातल्या वारसागटाने स्वयंसेवकांच्या बळावर गावातच छोटे संग्रहालय चालवले, आणि शताब्दीच्या दिवशी, १४ ऑक्टोबर २०१३ रोजी, वेल्सचे राष्ट्रीय खाणस्मारक तेथेच खुले झाले. त्यात वाचलेल्या कामगाराला आधार देणाऱ्या बचावकर्त्याचा ब्राँझचा पुतळा आहे, भिंतीवर मृतांच्या नावांच्या फरशा आहेत, आणि वेल्समधल्या इतर खाण-दुर्घटनांची आठवण करून देणारी पायवाट आहे. मृतांचा आकडा कोठे ४३९ तर कोठे ४४० असा छापलेला आढळतो; फरक बचावासाठी उतरलेल्या त्या एका माणसाचा असतो. त्याला कोणत्या यादीत धरावे हा प्रश्न किरकोळ वाटेल, पण खाणीच्या खात्यात त्या दिवशी त्याच्या नावावर दिवा नव्हता, आणि गावाच्या यादीत त्याला जागा मिळाली, यात खाते आणि गाव यांच्यातला सारा फरक आला.

युनिव्हर्सल खाण १९२८मध्ये बंद झाली, आणि येथून पुढे संशोधकाच्या पायाखालचे कागद संपू लागतात. १९२१ची खानेसुमारी त्या वर्षीच्या टाळेबंदीमुळे लांबणीवर पडून जूनमध्ये झाली, तिच्यात प्रत्येकाच्या मालकाचे नाव विचारले होते, आणि ती २०२२पासून वाचता येते. पण १९३१च्या खानेसुमारीची पत्रके १९४२मध्ये आगीत जळून गेली, १९४१मध्ये युद्धामुळे गणनाच झाली नाही, आणि १९५१ची पत्रके शंभर वर्षांच्या नियमाने अजून पाव शतक बंदच राहतील. मधे सप्टेंबर १९३९ची युद्धकालीन नोंदवही तेवढी आहे. म्हणजे ज्या अकरा वर्षांत या गावाने आपली खाण गमावली, भत्त्यांच्या रांगा पाहिल्या, आणि तरुणांना मिडलंड्सच्या मोटारकारखान्यांकडे नाहीतर लंडनच्या घरकामाकडे जाताना पाहिले, त्या वर्षांचे घरवार चित्र कोठेच नाही. उरतात त्या मतदारयाद्या, प्रार्थनामंदिरातून दुसऱ्या गावाच्या मंदिराकडे दिलेली सदस्यत्वाची बदलीपत्रे, शाळेच्या पटावर ‘गाव सोडले’ म्हणून मारलेली रेघ, आणि त्या वेळी त्या पटावर असलेली मुले. त्यांतली जी अजून आहेत ती शंभरीच्या आसपास आहेत, आणि ध्वनिमुद्रक घेऊन त्यांच्या दारात जायचे तर त्यांच्या रस्त्याचे नाव आणि घराचा क्रमांक गावातल्याच कोणाला तरी ठाऊक असावा लागतो.